नॅपकिनखालचा सौदा

आता तुम्ही विषय काढलाच आहे म्हणून सांगतो, नाहीतर हा किस्सा मी सासुरवाडीच्या हद्दीत चुकूनही काढत नाही. आजही बऱ्या हॉटेलात गेलो आणि हातावर पांढरा नॅपकिन टाकून वेटर जवळ आला, की मी पहिल्यांदा माझा उजवा हात खिशात घालतो. बायको तोंडाला पदर लावून हसते. पोरं विचारतात, बाबा, हात का लपवला? काय सांगणार त्यांना?

तुम्हाला मात्र सगळं सांगतो. आणखी एक चहा मागवा, एका कपात हे आटपणारं नाही.

आधी माझा धंदा समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथूनच निघाला. आमचं घर कोल्हापुरात गंगावेशीत आणि धंदा म्हशींचा, आज्यापासूनचा. वडगावच्या बाजाराला जायचं, म्हैस बघायची, तोंड उघडून दात बघायचे, कास चाचपायची आणि मग सौदा. आता हा सौदा तोंडानं होत नाही बरं का. भोवती दहा जण कान लावून उभे असतात, त्यांच्यादेखत भाव बोलायचा कसा? म्हणून दलाल आपल्या हातावर टॉवेल टाकतो, तुम्ही त्या टॉवेलाखाली हात घालायचा आणि त्याची बोटं धरायची. जितकी बोटं धराल तितका भाव. शेवटी दोघांनी एकमेकांचा पंजा दाबला की सौदा पक्का. तोंडातून एक अक्षर गेलेलं नसतं, पण तो पंजा कुणी मोडत नाही. मोडला तर त्या बाजारात पुन्हा तोंड दाखवायची सोय उरत नाही. मग दलाल चहा मागवतो. तो प्यायलाच पाहिजे, नको म्हटलं तर मन फिरलं असं धरतात.

या विद्येत मी भलताच नावाजलेला होतो. टॉवेलाखाली समोरच्याच्या तळव्याला घाम आला की मी ओळखायचो, गडी अजून एक बोट खाली येणार. लोक आपल्या म्हशी घ्यायला मला बरोबर न्यायचे. आणि माझा गर्व विचारू नका. मी चालताना रस्ता अरुंद पडायचा.

आता माझे सासरे. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणतो, मी मामा म्हणतो. कागलजवळ त्यांची शेती. माणूस देवभोळा, अबोल, सुपारीचंही व्यसन नाही. आणि अशा माणसानं काय करावं? उतारावरचा ऊस काढून तिथं वाईनची द्राक्षं लावली! ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. आमच्या पेठेत रंगीत टीव्ही एकाच घरी होता, आणि वाईन म्हणजे काय हे त्या घरालाही माहीत नव्हतं. पुण्याकडच्या एका नव्या कंपनीचा माणूस फिरत फिरत आला, जमीन बघून म्हणाला, इथं ही द्राक्षं छान येतील, आम्ही घेऊ. मामांनी विश्वास ठेवला आणि वेल लावले.

तीन वर्षांत वेल वाढले, घड धरले. काळी, बारकी, आंबट द्राक्षं. खायच्या कामाची नाहीत, बेदाण्याचीही नाहीत, बाजारात कुणी फुकट घेणार नाही. आणि तो कंपनीचा माणूस नोकरी सोडून गेला तो गेलाच. गावाला आयतं खाद्य मिळालं. पारावर बसलेली माणसं मामांना हाक मारायची, "आप्पा, भट्टी कवा लावतासा?" मामा मान खाली घालून जायचे. सासूबाई सांगायच्या, रात्री हे उठून बसतात आणि कंदील घेऊन वेलात जाऊन येतात.

अशात कंपनीचं निमंत्रण आलं. कोल्हापुरातल्या एका मोठ्या हॉटेलात नव्या वाईनचं उद्घाटन, चाखण्याचा कार्यक्रम आणि दुपारचं जेवण. इकडच्या द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना बोलावणं होतं आणि मालक स्वतः येणार होते. मामा आदल्या दिवशी आमच्या घरी आले. पाणी प्यायले.

"पावणं," म्हणाले, "उद्या संगं चला. मला बोलाय जमत न्हाय. त्यांनी तीन रुपयं किलोनं माल उचलला तरी मी गावातनं मान वर करून चालीन. न्हाय उचलला तर वेल उपटून टाकतो आणि परत ऊस लावतो. पर मग त्या पारावरनं जायाचं कसं, ते तुमीच सांगा."

एवढा मोठा माणूस जावयापुढं असं बोलतो. मी छातीवर हात मारून म्हटलं, "मामा, तुम्ही नुसतं बसा. सौदा माझ्यावर सोडा."

आतून सुमन, म्हणजे माझी बायको, बाहेर आली. "सौदा करा, पर एक ध्यानात ठेवा. आप्पा बाजूला बसणार हाईत. तिथला एक थेंब पोटात गेला तर घरात पाऊल टाकायचं न्हाय."

"अगं, सासऱ्यासमोर मी पिईन व्हय? माझी काय अक्कल गेलीय?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉटेलात. मामा धुवट धोतर-टोपीत, मी सिल्कच्या शर्टात. हॉल गालिचा घातलेला, म्हणून सगळ्या शेतकऱ्यांनी चपला दाराशी काढून ठेवलेल्या. गोल टेबलं, त्यांवर काचेचे ग्लास, आणि समोर मुंबईहून आणलेला चाखणारा तज्ज्ञ. बारका, गळ्यात बो टाय. त्यानं ग्लास उजेडात धरला, गरागरा फिरवला, त्यात नाक घातलं, घोट घेतला, तोंडात खुळखुळवला आणि बाजूच्या भांड्यात थुंकला.

"वाढणाऱ्यासमोर थुकला की ह्यो," मामा हळूच म्हणाले.

तज्ज्ञ म्हणाला, "या वाईनमध्ये तुम्हाला चामड्याचा हलकासा गंध जाणवेल."

आमच्या टेबलावर तासगावचे एक बागायतदार होते. ते म्हणाले, "जानवंल की. सगळ्यांच्या चपला दाराशी हायत."

मग जेवण आलं. मटणाचं ताट, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. तज्ज्ञानं सांगितलं की पांढऱ्या रश्शाबरोबर पांढरी वाईन घ्यायची आणि तांबड्याबरोबर लाल. हे कोल्हापूरकरांना एकदम पटलं, पण पटल्यावर त्यांनी काय केलं, तर वाईन तशीच ठेवून रश्शाच्या वाट्या परत परत मागवल्या. तज्ज्ञानं मात्र कौतुकानं तांबड्या रश्शाचा मोठा घोट घेतला. त्यानंतर त्या दिवशी त्याला कुठल्याच ग्लासातलं काही कळेना. नुसतं डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो सगळ्यालाच "छान, छान" म्हणत होता.

माझं लक्ष या गमतीत नव्हतं. मी मालक शोधत होतो. मालक सापडले, साध्या सुती शर्टातले, चष्मेवाले, शांतपणे प्रत्येक टेबलावर जाऊन नमस्कार करणारे. भावाबद्दल चकार शब्द नाही. मी मनात म्हटलं, बरोबरच आहे, मोठा व्यापारी स्वतः भाव बोलत नाही. त्याचा दलाल बोलतो. मग दलाल कोण?

आणि तो मला दिसला.

काळा कोट, पांढरे केस मागे वळवलेले, ताठ मान, चालणं एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणासारखं. कुणाशी बोलत नव्हता. एकेका टेबलापाशी जायचा, वाकायचा, बसलेल्या माणसाच्या कानापाशी काहीतरी पुटपुटायचा आणि पुढे जायचा. आणि त्याच्या हातावर, तुम्हीच सांगा आता, काय होतं? पांढराशुभ्र टॉवेल! आणि त्याचा एक हात त्या टॉवेलाखाली!

मी मामांना कोपर मारलं. "मामा, सापडला. त्यो बघा दलाल."

मामांनी बघितलं. तेही बाजार बघितलेले माणूस. "व्हय की," म्हणाले. "टावेल टाकलाय."

म्हणजे दोघांचंही एकमत झालं, हे नमूद करून ठेवतो. पुढं सगळा दोष एकट्या माझ्यावर आला.

तो आमच्या टेबलापाशी आला. माझ्याकडे वाकला, भुवया उंचावल्या आणि टॉवेलाखालचा हात पुढं केला. बोलला काहीच नाही. मी म्हटलं, वा, काय सफाई आहे! मी शर्टाची बाही वर केली आणि सरळ टॉवेलाखाली हात घातला.

आत पहिल्यांदा काहीतरी गार, ओलं लागलं. बाटलीची मान. मला जरा नवल वाटलं. आमच्याकडे टॉवेलाखाली नुसता हात असतो, यांच्याकडे बाटली धरून सौदा. म्हटलं, मालावर हात ठेवून बोलायची यांची रीत असेल. बाटलीमागे त्याची बोटं सापडली. मी तीन बोटं घट्ट धरली.

तो दचकला. पण माणूस मुरलेला, चेहरा हलू दिला नाही. हळूच म्हणाला, "तीन?"

मी डोळ्यांनीच खुणावलं की बोलू नका. त्यानं मान डोलावली आणि निघून गेला. थोड्या वेळानं परत आला तो ट्रेमध्ये तीन भरलेले ग्लास घेऊन, आणि ते माझ्यासमोर ओळीनं मांडले.

"हे काय वो?" मामांनी विचारलं.

"सौद्याचा चहा," मी म्हटलं. "इथं चहाऐवजी ह्ये देत असतील. तीनला तयार हाईत, मामा!"

मामांचे डोळे भरून आले. पण माझ्यापुढे पेच पडला. प्यायलो तर सासऱ्यासमोर पाप, न प्यायलो तर सौदा मोडला. मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्याकडे बघितलं. मग ते सावकाश उठले, आपली खुर्ची उचलली, फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले.

"प्या, पावणं," भिंतीकडे बघत म्हणाले. "मला काय दिसत न्हाय."

तीन ग्लास मी पोटात घातले. चव विचाराल तर आमसुलाचं सार बिघडल्यावर लागतं तशी. पण डोक्यात एक वेगळाच दिवा लागला. मला वाटायला लागलं, अरे, हा गडी तीनला एका झटक्यात तयार झाला! घासाघीस नाही, तळव्याला घाम नाही. म्हणजे मी भाव कमी सांगितला. अजून पंजा दाबलेला नाही, म्हणजे सौदा पक्का नाही. संधी आहे.

तो पुन्हा आला तसा मी पुन्हा हात घातला आणि चार बोटं धरली.

"चार?" त्यानं डोळे मोठे करून विचारलं.

"चार," मी म्हटलं. आता तोंडानं बोलायचं नाही हे मीच विसरलो होतो. आणि लगेच त्याचा अख्खा पंजा दाबला. त्यानंही दाबला. दाबला म्हणजे, नंतर कळलं, की बाटली सटकत होती म्हणून त्यानं पकड घट्ट केली. पण मला काय माहीत? चार ग्लास आले, मी घेतले. भिंतीकडून मामांनी विचारलं, "झालं का पिऊन?" मी म्हटलं, "झालं, मामा. चारला पक्कं!"

मामांनी खुर्ची वळवली. तो चेहरा मला अजून आठवतो. तीन वर्षांत तो माणूस असा हसला नव्हता. टोपी काढून त्यांनी कपाळाला लावली.

आणि नेमके तेव्हा मालक आमच्या टेबलापाशी आले. आधी तासगावच्या बागायतदारांशी बोलले, मग हसून मामांना म्हणाले, "बोला आप्पा. तुमच्या बागेबद्दल बरंच ऐकलंय. यंदाच्या मालाचं काय करायचं?"

मामांनी हात जोडले. "झालं की सायेब. माल ठरला."

मालकांचा चेहरा पडला. "ठरला? कुणी घेतला?"

आता मामा गोंधळले. दलालानं ठरवलं ते मालकालाच ठाऊक नाही? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मालक म्हणाले, "हरकत नाही, आम्हालाच यायला उशीर झाला," आणि पुढच्या टेबलाकडे वळलेसुद्धा. तीन वर्षांची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या टेबलाकडे निघाली होती. मी उठलो. उठलो म्हणजे उठायचा प्रयत्न केला. टेबल माझ्याबरोबर थोडं उठलं.

"ओ सायेब!" मी हॉलभर ऐकू जाईल असं ओरडलो. "तुमच्या दलालानंच घेतलाय की माल! चारनं! पंजा दाबलाय त्यानं!"

"कुठला दलाल?"

मी बोट दाखवलं. तो काळ्या कोटातला दिवाण तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर पांढरा रस्सा वाढत होता.

मालकांनी त्याला बोलावलं. "फर्नांडिस, काय प्रकार आहे?"

फर्नांडिस मुंबईच्या हॉटेलातला जुना वाढपी, खास या जेवणासाठी आणलेला. तो अदबीनं म्हणाला, "सर, या साहेबांनी हात धरून तीन मागितले. मी तीन ग्लास दिले. मग चार मागितले. चार दिले. आणि यांना... यांना माझा हात आवडला असं मला वाटलं, सर."

पुढचं हसणं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. तासगावचे बागायतदार टेबलावर डोकं ठेवून रडत होते. तज्ज्ञ आधीच रड‍त होता, तो आता हसत रडायला लागला. फक्त एक माणूस हसत नव्हता. मामा उठून फर्नांडिसजवळ गेले.

"तुमी हात दाबला का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"दाबला, साहेब."

"मग सौदा झाला."

मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अहो आप्पा, तो वाढपी आहे. आणि ऐका, मी आत्ताच या तासगावकरांना किलोला पाच रुपये सांगितलेत. तुम्हालाही पाचच देणार."

पाच! मला गप्पकन खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलो. मामांनी मान हलवली.

"न्हाय सायेब. त्यो कोण हाय ते मला ठावं न्हाय. पर माझ्या जावयानं टावेलाखाली चारचा शब्द दिला. शब्द माझ्या घरातनं गेलाय. यंदा चारच."

मालक पाचवर अडून, मामा चारवर अडून. विकणारा कमी मागतो आणि घेणारा जास्त देतो असा सौदा मी वडगावात कधी बघितला नव्हता. शेवटी मालकच हरले. त्यांनी मामांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "यंदा चार. पण आप्पा, यापुढं तुमचा माल दरवर्षी माझा. असा माणूस मला सोडायचा नाही."

मामा त्या संध्याकाळी मुद्दाम पारावरून गेले, अगदी सावकाश. कुणी भट्टीचं विचारलं नाही. मी बरोबर नव्हतो. मला सुमननं ओसरीवर बसवून ठेवलं होतं.

"किती पेलासा?" तिनं विचारलं.

"सौद्यापुरती."

"आणि सौदा कसा झाला?"

"दर किलोमागं एक रुपया कमी," मी म्हटलं. खोटं बोलायची शुद्ध नव्हती.

पुढच्या वर्षी परत निमंत्रण आलं. मी सिल्कचा शर्ट इस्त्री करून ठेवला. मामा आले आणि म्हणाले, "पावणं, बोलण्याचं तुमी मनावर घिऊ नगा. माझा दलाल तिथं हाय."

"कोण?"

"फर्नांडिस."

थट्टा करत असतील म्हणून मी हसलो. पण ते खरंच फर्नांडिसशी बोलले, त्याच्यासाठी घरच्या तुपाची बरणीही नेली. फर्नांडिसनं त्यांना एवढंच सांगितलं की मालकांशी भाताच्या आधी बोलू नका, भातानंतर बोला, तेव्हा त्यांचा मूड चांगला असतो. मामा भात संपेपर्यंत थांबले आणि सहा रुपये घेऊन आले. कुणाचंही बोट न धरता.

मीही गेलो होतो त्या जेवणाला. जावई माणूस, मला वगळणार कसं? हॉलमध्ये शिरलो तर आमचं टेबल आधीच लावलेलं होतं, पांढरा रस्सा वाफाळत होता आणि फर्नांडिस लांबूनच हात पाठीमागे बांधून मला नमस्कार करत होता. मामांनी माझ्यासाठी खुर्चीसुद्धा धरून ठेवली होती. भिंतीकडे तोंड करून.